रापलेली जीप रापलेलीच ठेवायची तर

जुनी जीप दारात उभी राहिली की मिस्त्रीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच असतो. लोखंडापर्यंत घासा, पुट्टी भरा, मिलिटरी ग्रीन मारा, नवीकोरी दिसेल. दिसते खरी. फक्त मग तिच्यात आणि वरातीसाठी भाड्याने मिळणाऱ्या जीपमध्ये काही फरक उरत नाही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना लावता येतो, हे सांगणारा मात्र कुणी भेटत नाही.

पन्नास-साठ वर्षांच्या उन्हापावसाने उतरलेला रंग, कडांना दिसणारं तांबूस लोखंड, बॉनेटवर हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा, हे पुन्हा विकत मिळत नाही. ते राखता येतं, पण त्यासाठी एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करावी लागते. राखायचा तो फक्त दिसणारा पत्रा. जे भार पेलतं, जे वळवतं आणि जे थांबवतं, त्यातलं काहीही 'जुनं छान दिसतंय' म्हणून ठेवायचं नाही. रापलेलं दिसणं आणि सडलेलं असणं यातला फरक कळला की निम्मं काम झालं.

उदाहरण म्हणून इथे सीजे-३बी घेतली आहे, म्हणजे आपल्याकडची 'हाय बॉनेट'. अमेरिकेत टोलेडोला ती १९५३ ते १९६८ बनली. महिंद्रने ती परवान्यावर मुंबईत बनवली आणि तिकडे बंद झाल्यावरही इथे बरीच वर्षं चालू ठेवली. बॉनेट उंच होण्याचं कारण हरिकेन इंजिन. २१९९ सीसीच्या या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. त्याने इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बुटक्या बॉनेटखाली ते मावेना. इतकी वर्षं गाडी इथेच बनल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार या दोन ठिकाणी आधी फिरावं, मग ऑनलाइन शोधावं.

धुण्याआधी

गाडी घरी आली की लोक आधी सर्व्हिस सेंटरवर नेऊन प्रेशरने धुतात. हे अजिबात करू नये. सुटत आलेल्या रंगाचे पोपडे प्रेशरच्या पाण्याने उडतात आणि ते परत चिकटवता येत नाहीत. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तिरप्या उन्हात काढा. सकाळी आठ-साडेआठचं ऊन पत्र्यावर आडवं पडतं तेव्हा ब्रशने रंगवलेली जुनी अक्षरं, खात्याचं नाव, गाडीचा क्रमांक, वरून रंग मारलेला असला तरी उठून दिसतो. सरकारी लिलावातून आलेल्या जिपांवर असं बरंच काही दडलेलं असतं.

मग रंगाचे थर समजून घ्या. टेलगेटच्या आतल्या बाजूला किंवा डॅशबोर्डखाली रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडा आणि पाणी लावून पॉलिश पेपर मारा. आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १२००, गोल गोल. थर एकात एक वर्तुळांसारखे दिसू लागतात. सगळ्यात आत लोखंड, त्याभोवती रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर), मग मूळ रंग, मग नंतरचे हात. पाच-सहा थर निघाले तर आश्चर्य नाही. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर खाली ऑलिव्ह ग्रीन सापडतोच, कारण नागरी नोंदणीसाठी तो झाकावा लागला होता.

इथे सुका पेपर मारायचा नाही. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. पाणीच वापरा, एन-९५ मास्क लावा, निघालेला गाळ कागदावर गोळा करून टाका आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा.

धुण्यासाठी बादली, मऊ ब्रश आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरतो. मीठ निघून जाणं हा खरा हेतू. कोकणातली किंवा मुंबईच्या किनाऱ्यावरची गाडी असेल तर सांधे, दुमडलेल्या कडा, मडगार्डच्या आतल्या बाजू साध्या पाण्याने तीन-चार दिवस रोज धुवाव्या लागतात. धुऊन कोरडं केल्यावर दोन-तीन तासांत ताजा नारिंगी गंज फुटला तर समजा, मीठ अजून आत आहे. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंडाचा गंज जवळजवळ थांबतो. मीठ असेल तर तो त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही चालू राहतो. म्हणून कोकणातली गाडी पुण्यात आणली की गंज थांबेल, हा भ्रम आहे. मीठ गाडीबरोबर घाट चढून येतं.

कुठला गंज ठेवायचा

साध्या लोखंडावरचा गंज स्वतःहून थांबत नाही. पूल आणि इमारतींसाठी एक वेगळं मिश्र पोलाद असतं, त्याचा गंज घट्ट बसतो आणि आतलं लोखंड वाचवतो. जीपचा पत्रा त्या जातीचा नाही. त्यामुळे 'गंजच संरक्षण करतो' असं कुणी म्हटलं तर मान डोलावून पुढे जावं.

परीक्षा सोपी आहे. पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळा आणि गंजलेल्या जागेवर दाबून दहा वेळा घासा. फडकं गडद नारिंगी झालं आणि हाताला पावडर लागली तर गंज जिवंत आहे. फिकट चहासारखा डाग पडला तर तो पातळ आणि घट्ट बसलेला आहे, तो ठेवता येईल. पापुद्रे सुटत असतील, नखाने खपली निघत असेल, तर तिथे ठेवण्यासारखं काही नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो फुगतो आणि स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी दिलेला जोड, उचकटतो. बाहेरून पत्र्याला फुगवटा दिसला तर आत हेच चाललेलं असतं.

जिवंत पण वरवरचा गंज असेल तिथे भांडी घासायची हिरवी घासणी थोड्या हलक्या तेलात भिजवून हाताने घासा. मशिन नको. ग्राइंडरवर वायर ब्रश लावला की अर्ध्या मिनिटात चकचकीत लोखंड दिसतं आणि त्या जागेचा जुनेपणा संपतो. हाताने घासताना दर मिनिटाला फडक्याची परीक्षा करा आणि डाग फिका झाला की थांबा. बॉनेटएवढ्या जागेला चांगले दोन तास जातात.

आता रंगावर ओघळलेल्या गंजाबद्दल. बिजागऱ्यांखाली, विंडस्क्रीनच्या बोल्टखाली, बॉनेटच्या कुलपाखाली तांबड्या रेघा उतरलेल्या असतात. त्यांच्याखाली बऱ्याचदा मूळ रंग शाबूत असतो. इथे ऑक्झॅलिक ॲसिड कामाला येतं. फरशी पॉलिश करणारे जी पांढरी पावडर वापरतात तीच, केमिकलच्या दुकानात किलोवर मिळते. एक लिटर कोमट पाण्यात २० ते २५ ग्रॅम. टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर चिकटवायचे, वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म लावायची म्हणजे सुकत नाही, आणि दर अर्ध्या तासाने एक कोपरा उचलून बघायचं. साधा ओघळ तासाभरात जातो, जुनाट असेल तर तीन-चार तास लागतात.

यात चुका तीन होतात. पहिली, पेपर सुकू देणं. सुकला की पिवळट पापुद्रा बसतो आणि तो गंजापेक्षा चिवट. दुसरी, शेजारचं तांबूस लोखंड न झाकणं. ॲसिडला ओघळ कुठला आणि ठेवायचा गंज कुठला हे कळत नाही, ते सगळंच खातं आणि खाली राखाडी पत्रा उघडा पडतो. म्हणून जे ठेवायचं आहे त्यावर आधी ग्रीसचा हात फिरवा. तिसरी, नंतर नीट न धुणं. भरपूर पाणी, मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, मग पुन्हा पाणी. पावडर विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, पोराबाळांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र गाडीच्या जवळपासही आणू नका. त्यातला क्लोराइड पत्र्याच्या छिद्रांत राहतो. दुपारी चकाचक झालेला पत्रा संध्याकाळपर्यंत पुन्हा नारिंगी होतो, आणि पुढे वर्षानुवर्षं तिथूनच गंज फुटतो.

गंज 'काळा' करणाऱ्या द्रावणांबद्दलही एक सांगायला हवं. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं. टॅनिकवालं म्हणजे हिरड्याचं पाणी आणि लोखंड यांची जुनी काळी शाई, रसायन तेच. लपलेल्या जागी ही द्रावणं उत्तम. दिसणाऱ्या पत्र्यावर लावली तर तपकिरी गंज शाईसारखा काळानिळा होतो आणि जीप डांबरात बुडवल्यासारखी दिसते. ते परत तपकिरी होत नाही.

फ्लोअर, चॅनल आणि वेल्डिंग

हाय बॉनेटच्या सडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी ज्या खोबणीत बसते ती खोबण, शेजारच्या सीटखालचा टूलबॉक्स, पाय ठेवायच्या जागेचे पुढचे कोपरे, विंडस्क्रीनच्या चौकटीची खालची पट्टी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फ्लोअरखालचे टोपीसारख्या आकाराचे चॅनल. हे चॅनल फ्लोअरला स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. चिखल आत जातो, बाहेर येत नाही. फ्लोअर वरून छान दिसतो, पण खालून लहान हातोडी मारली की टणटण ऐवजी भद भद आवाज येतो. जिथे आवाज बसका, तिथे जाड स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. आत गेला तर तो भाग कापायचाच.

बॉडी चॅसिसवरून उचलल्याशिवाय हे काम नीट होत नाही. बॉडीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. एसीटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) समसमान घेऊन बाटली हलवून लावा (ही दोन एकत्र टिकत नाहीत, दर वेळी हलवावी लागतात), रात्रभर ठेवा, मग फिरवा. पाने इंचांचे वापरा. या जीपचे बोल्ट ७/१६, १/२, ९/१६ असे आहेत. ७/१६ म्हणजे ११.११ मिलिमीटर. त्यावर ११चा पाना बसत नाही, म्हणून माणूस १२चा लावतो आणि बोल्टाचं डोकं गोल करून ठेवतो. जुन्या बोल्टांची डोकीसुद्धा गाडीच्या रूपाचा भाग आहेत, नवे पिवळे झिंकवाले बोल्ट दुरून ओरडतात. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, हे आधी बघून घ्या. ते न बघता लांब पाइप लावून जोर करणाऱ्यांनी बरेच स्टड तोडले आहेत.

नव्या पट्ट्यांसाठी १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिमी जाडीचा, सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. चॅनलसाठी १६ गेज. जीआय पत्रा वापरू नका, त्यावरचं जस्त वेल्डिंगला जळतं, धूर विषारी आणि जोड भुसभुशीत. साधं आर्क वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला भोक पाडतं. मिग वेल्डिंग हवं, ज्याला आपल्याकडे सगळे सीओटू म्हणतात, तार ०.८ मिमी.

दिसणाऱ्या पत्र्याच्या मागे जोड देताना बाहेरचा रंग जळू न देणं हीच कसरत. सलग वेल्ड मारला की बाहेरच्या बाजूला बोटभर रुंद पट्टा काळा पडतो. त्यामुळे एक ठिपका मारायचा, ओलं फडकं टेकवायचं, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग तिथून दूर दुसरा ठिपका. ठिपक्यांमध्ये सुरुवातीला २५ ते ३० मिमी अंतर, मग हळूहळू मधली जागा भरायची. बाहेरून तांब्याची जाड पट्टी दाबून धरली तर उष्णता तीच ओढून घेते. दीड फुटाच्या जोडाला अर्धा दिवस लागतो. डेंटर याला कंटाळतो, त्याला आधीच सांगून ठेवा आणि कामाचे नाही, दिवसाचे पैसे ठरवा.

नवा तुकडा बाहेर दिसत असेल तर? मीठ, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मारून तासाभरात गंज आणता येतो, असे व्हिडिओ भरपूर आहेत. होतो खरा, पण आपण तीन-चार दिवस धुऊन काढलेलं मीठ पुन्हा हाताने आत घालतोय. त्यापेक्षा तुकड्याला इपॉक्सी प्रायमर मारा, शेजारच्या उतरलेल्या रंगाशी जुळवून मॅट इनॅमल बनवा आणि स्पंजने टिपून लावा. जवळून बघणाऱ्याला जोड कळेल. कळू द्या.

सुट्या भागांसाठी दोन स्वस्त उपाय. एक, मळी. साखर कारखान्याची, जनावरांच्या खाद्यासाठी विकतात ती. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात बिजागऱ्या, पेडल, कंस वगैरे दोन ते तीन आठवडे बुडवून ठेवायचे. मळी गंज खाते, लोखंडाला फारसं धरत नाही. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव वस्तू मात्र ती खाऊन टाकते, कार्बोरेटर चुकूनही टाकू नका. वास असा येतो की पिंप घरापासून लांब ठेवावं. दुसरा उपाय विजेचा. लिटरला १० ते १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, गंजलेला भाग ऋण टोकाला, टाकाऊ लोखंडाची सळई धन टोकाला. स्टेनलेसची सळई कधीही नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, त्यामुळे उघड्यावरच करा आणि विडीकाडी दूर. कमानीचे पाटे, स्प्रिंग आणि हाय टेन्साइल बोल्ट यात घालू नका, हायड्रोजनने ते ठिसूळ होतात.

चॅसिस

इथे जुनेपणाचं कौतुक शून्य. चॅसिस पूर्ण उघडी करा, वाळूऐवजी कॉपर स्लॅगने ब्लास्टिंग करून घ्या (कोरड्या वाळूची धूळ मारणाऱ्याच्या फुप्फुसात सिलिकोसिस करते). कमानींचे हँगर, मागचा आडवा भाग आणि पेटीसारख्या बंद केलेल्या जागा तपासा. चॅसिस नंबरवर आधी टेप लावून ठेवा, तो घासला गेला तर आरटीओत गाडी सिद्ध करणं अवघड. ब्लास्टिंग झालं त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर चॅसिस ब्लॅक. बंद पेट्यांच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारा, ते भोकांतून थेंब थेंब गळेपर्यंत.

पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल मिसळून जळकं ऑइल फवारण्याची पद्धत अजून बऱ्याच गॅरेजांत आहे. त्याने खालचे रबरी भाग फुगतात, ब्रेक लायनिंगवर ऑइल जातं आणि उरलेलं पहिल्या पावसात विहिरीकडे वाहतं. नको.

वर काय लावायचं

सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात, कारण सगळ्यांना क्लिअर लॅकर मारायचा असतो. गंजावर मॅट क्लिअर मारला की सगळं बंदिस्त झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात गंज सच्छिद्र असतो, आत ओलावा राहतोच. लॅकरखाली तो पसरत जातो आणि एक-दोन पावसाळ्यांत लॅकर पांढरा पडून साप कात टाकतो तसा निघू लागतो. निघताना जुना रंगही बरोबर घेऊन जातो. काढायचा म्हटलं तर घासावा लागतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेलं. तेल आणि मेण कमी टिकतात, पण कधीही पुसून काढता येतात. या कामात तोच मोठा गुण.

उघड्या तांबूस लोखंडासाठी डबल बॉइल्ड अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान. अर्ध्या लिटर मिश्रणात पूर्ण जीपच्या बाहेरच्या बाजूला दोन पातळ हात होतात. फडक्याने लावा, १५ ते २० मिनिटं थांबा आणि जेवढं पुसता येईल तेवढं पुसून काढा. पुसायचा कंटाळा केला की चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि जीप लाडवासारखी दिसते. उन्हाळ्यात तीन दिवसांनी दुसरा हात. पावसाळ्यात हे काम काढू नका, तेल वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. अळशीचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळा केलेलं फडकं काडी न लावता पेट घेतं. पाण्याच्या बादलीत टाका किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

रंग शाबूत आहे तिथे तेल नको, ते पांढुरक्या पडलेल्या रंगाला एकदम गडद करतं आणि चट्टे उठतात. तिथे घासणारं काही नसलेलं साधं मेण. रबिंग कंपाउंड तर नकोच, उरलेला रंग तेवढाच आहे. किनाऱ्यालगत राहत असाल तर दोन्हीऐवजी लॅनोलिनवालं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं) संरक्षक लावा. दिसायला थोडं ओशट, पण खाऱ्या हवेत तेच टिकतं. काहीही लावण्याआधी टेलगेटच्या आतल्या बाजूला वीतभर चौकोन करून आठवडाभर बघा. तेलाने लोखंड एक छटा गडद होतंच, ती पसंत नसेल तर तिथेच कळेल.

इंजिन, टाकी, ब्रेक

बरीच वर्षं उभी असलेली गाडी थेट स्टार्टर मारून बघू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये २०-३० मिली डिझेल-एटीएफ ओता, दोन-तीन दिवस ठेवा आणि पुढून हँडल घालून हाताने फिरवा. फिरताना अडलं तर बहुतेक वेळा पिस्टन नाही, ब्लॉकमधला एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहून गंजाने धरलेला असतो. बाजूचं झाकण काढलं की तो दिसतो. तेल सोडून हलक्या हाताने खाली-वर करत सोडवा. व्हॉल्व्हचं अंतर थंड इंजिनावर इनलेट ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचं अंतर ०.०२० इंच, प्लगचं ०.०३० इंच, सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. चार सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये १० पीएसआयपेक्षा जास्त तफावत असेल तर हेड उतरवायची तयारी ठेवा.

टाकी आतून गंजलेली असणारच. आत मूठभर नट आणि गंज काढणारं द्रावण घालून हलवा, धुवा, लगेच वाळवा. वेल्डिंग करायचं तर टाकी रिकामी आहे एवढ्यावर विसंबू नका. वास येत नसला तरी वाफ असते आणि टाकी बाँबसारखी फुटते. पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं मिळतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यात विरघळत जातो. इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि नवा पडदा टाका, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांसाठी जीएल-४चं ९० नंबर ऑइल. या जीपच्या टी-९० गिअरबॉक्समधलं ऑइल मधलं सील गेल्यावर शेजारच्या ट्रान्स्फर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीत) उतरतं. एकीकडची पातळी कमी आणि दुसरीकडची जास्त दिसली तर गळती शोधत जमिनीकडे बघू नका, ते सील बदला.

ब्रेक सगळे नवे. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, पोलादी नळ्या, रबरी होज. एकच सर्किट आहे, एक जुनी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवू नका, पाण्याने ओली करून पुसा. वायरिंगही पूर्ण नवं करा, फ्यूज बॉक्स आणि बॅटरीचा कट-ऑफ जोडा. वरून सुती टेप गुंडाळली की दिसायला जुनंच.

कागदपत्रं

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील तर जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणी ५,००० रुपये, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जिपा आपल्याकडे ढिगाने आहेत, विकत घेताना हे बघाच. आणि या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची.

वर्षाची देखभाल अशी : मे महिन्यात धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून तेलाचा किंवा मेणाचा एक हात. फ्लोअरची पाणी जायची भोकं तारेने मोकळी. जूनमध्ये रबरी मॅट काढून घरात टांगायची, तिच्याखालचं पाणी दिवाळीपर्यंत वाळत नाही. गाडी झाकायची असेल तर सुती कापडाने, ताडपत्रीने नाही. ताडपत्रीखाली घाम येतो, आणि सप्टेंबरात ती उचलली की बॉनेटवर तिच्या घड्या नारिंगी रेघांनी उमटलेल्या असतात.